तलवार आपली, पावती त्यांची

चोरीला गेलेली सायकल नागपुरात सीताबर्डीच्या एखाद्या दुकानात दिसली, तर घाबरू नका. कायदा तुमच्या बाजूने आहे. १९३० च्या मालविक्री अधिनियमाचं कलम २७ म्हणतं, विकणाऱ्याचीच मालकी नसेल, तर घेणाऱ्याला ती सहसा मिळत नाही. दुकानदार कितीही सज्जन असो, रोख मोजून बसलेला असो. त्याने आपले पैसे चोराकडे मागावेत. तुम्ही फक्त एफआयआर नोंदवायचा, जुनं बिल शोधायचं, कोर्टात अर्ज करायचा आणि सुपूर्दनाम्यावर सही करून सायकल घरी न्यायची. ढकलत, कारण तोवर ठाण्याच्या आवारात टायर बसलेले असतात.

तलवारीचं मात्र वेगळं असतं. नागपूरकर भोसल्यांचे मूळपुरुष पहिले रघुजीराजे यांची तलवार १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर इंग्रजांकडे गेली असावी. लूट म्हणा की नजराणा. हरलेल्याच्या बाबतीत दोन्ही एकच. एप्रिल २०२५ मध्ये ती लंडनच्या सदबीजच्या लिलावात निघाली. पात्यावर सोन्याच्या अक्षरांत, देवनागरीत, मालकाचं नाव! तरी राज्य सरकारने मध्यस्थामार्फत सुमारे ४७ लाख १५ हजार रुपये मोजले, तेव्हा ती घरी आली.

तात्पर्य: वस्तूवर नाव कोरून उपयोग नाही, बिल जपा. आणि बोंब वेळेत मारा. दोनशे वर्षं थांबलात, तर बोली लावावी लागते.