पीएच.डी. इच्छुक : एक चिकित्सक अभ्यास (महाराष्ट्राच्या विशेष संदर्भात)

एम.ए., एम.कॉम. किंवा एम.एस्सी. पदरात पडली आहे, पीएच.डी.ला प्रवेश अजून मिळालेला नाही आणि तो मिळेपर्यंत दुसरे काही धड सुरू करायचे नाही, अशा अवस्थेतील व्यक्तीला पीएच.डी. इच्छुक म्हणतात. वय बावीस ते बावन्न. वास्तव्य विद्यापीठाचा पीएच.डी. विभाग, ग्रंथालयाचा वाचनकक्ष, झेरॉक्सचे दुकान आणि गाईडच्या केबिनबाहेरचे बाकडे. यांपैकी बाकड्यावर तो सर्वाधिक काळ काढतो. काखेतल्या फुगलेल्या फाईलवरून तो लांबूनही ओळखू येतो. "सध्या काय चाललंय?" असे कोणी विचारले, की "पीएच.डी.चं बघतोय" हे उत्तर तयार असते. ते ऐकून नातेवाईक मान डोलावतात आणि पुढचा प्रश्न त्याच्या आईला विचारतात.

हेतूनुसार इच्छुकाचे चार प्रकार पडतात. पहिला तासिका तत्त्वावरचा. तो सकाळी एका कॉलेजात, दुपारी दुसऱ्या कॉलेजात शिकवतो आणि मानधनाचे बिल कुठल्या टेबलावर अडले आहे याचा संध्याकाळी तपास करतो. सहायक प्राध्यापकपदासाठी नेट किंवा सेट पुरेशी आहे, पीएच.डी.ची सक्ती नाही, असे यूजीसीने जुलै २०२३ पासून स्पष्ट केले आहे, हे त्याला ठाऊक असते. पण मुलाखतीला गेल्यावर शेजारच्या खुर्चीवर नेट, सेट आणि पीएच.डी. तिन्ही गाठीशी असलेला उमेदवार बसलेला असतो, हेही त्याने पाहिलेले असते. दुसरा प्रकार कायम नोकरीतला. सहयोगी प्राध्यापक व्हायचे आणि पुढेमागे प्राचार्यांच्या खुर्चीत बसायचे, तर पीएच.डी.वाचून गत्यंतर नाही. नोकरी सांभाळून अर्धवेळ पीएच.डी. करायला नियमांची आडकाठी नाही. फक्त संस्थेचे ना हरकत प्रमाणपत्र लागते, आणि संस्थेला नेमकी तेव्हाच हरकत आठवते. तिसरा फेलोशिपवाला. जेआरएफ मिळाली तर पहिली दोन वर्षे महिना ३७ हजार आणि पुढे ४२ हजार रुपये. ती हुकली तर बार्टी, सारथी, महाज्योती या राज्याच्या संस्थांच्या फेलोशिपपैकी आपण कुठे बसतो, हे तो पाहून ठेवतो. चौथा हौशी. हा बहुधा निवृत्तीला टेकलेला अधिकारी असतो. त्याला नोकरी नको, बढती नको. मुलीच्या लग्नपत्रिकेत आपल्या नावाआधी 'डॉ.' छापून यावे एवढीच त्याची इच्छा असते. ती काही फार मोठी नाही. पण मुलगी आत्ताच पंचवीस वर्षांची आहे.

पात्रतेचा नियम साधा आहे. पदव्युत्तर पदवीला किमान ५५ टक्के गुण हवेत. राखीव प्रवर्ग, दिव्यांग आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांना पाच टक्के सवलत. यूजीसीच्या २०२२ च्या नियमावलीने चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी मिळवणाऱ्यांनाही थेट दार उघडले. या क्षेत्रातला सर्वांत दुःखी मनुष्य ५४.८० टक्केवाला. तो पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करतो, ग्रेडचे टक्क्यांत रूपांतर करण्याची तीन सूत्रे वापरून पाहतो आणि शेवटी दुसऱ्या विषयात एम.ए.ला बसतो.

पात्र ठरलेल्याला परीक्षा द्यावी लागते. जून २०२४ पासून नेटचे गुण पीएच.डी.च्या प्रवेशासाठीही धरले जातात. जेआरएफ मिळवणारे थेट मुलाखतीला जातात. बाकीच्यांच्या बाबतीत नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के भार असतो. हे गुण प्रवेशासाठी एकच वर्ष चालतात. त्या वर्षात विद्यापीठाची जाहिरात निघाली नाही, तर पुन्हा श्रीगणेशा. दुसरे दार विद्यापीठाच्या स्वतःच्या प्रवेश परीक्षेचे, म्हणजे पेटचे. तिच्यात निम्मे प्रश्न संशोधन पद्धतीवर आणि निम्मे विषयावर असतात. संशोधन पद्धतीच्या गाईडची इच्छुक पारायणे करतो. गृहीतकाचे प्रकार त्याला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येतात. त्याचे स्वतःचे गृहीतक मात्र जागेपणीही विचारू नये.

अर्ज ऑनलाइन असतो. याचा अर्थ तो आधी संगणकावर भरायचा, मग त्याची प्रिंट काढून विद्यापीठात नेऊन द्यायची. फाईलमध्ये दहावीपासूनच्या गुणपत्रिका, टीसी, मायग्रेशन, जातीचा दाखला, व्हॅलिडिटी, नॉन-क्रिमीलेअर, गॅप सर्टिफिकेट आणि या सगळ्यांच्या तीन-तीन झेरॉक्स असतात. नॉन-क्रिमीलेअरची मुदत ३१ मार्चला संपते आणि जाहिरात एप्रिलमध्ये येते. खिडकीपाशी होणारा संवाद ठरलेला आहे.

"मायग्रेशन ओरिजिनल कुठंय?"

"मागच्या वर्षी इथंच जमा केलं होतं, मॅडम."

"मग ते इथून काढून घ्या आणि इथं जमा करा."

शेवटच्या दिवशी संकेतस्थळ बंद पडते. नवखा घाबरतो, मुरलेला इच्छुक शांतपणे चहा मागवतो, कारण मुदतवाढ होणार हे त्याला माहीत असते. ती होते.

यापुढचा टप्पा गाईड मिळवण्याचा. नियमानुसार प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरलेल्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. त्यामुळे कोणत्या सरांकडे जागा आहे, कोणाचा विद्यार्थी सबमिशनला आला आहे आणि कोणाची जन्मतारीख काय आहे, याची वही इच्छुक ठेवतो. वधूपित्याने स्थळे पाहावीत तशी तो गाईडची माहिती काढतो : सर स्वभावाने कसे आहेत, प्रकरणे वाचतात का, आधीच्यांना किती वर्षे लागली. मग एके दिवशी केबिनचे दार उघडते.

"सर, येऊ का?"

"या. विषय काय ठरवलाय?"

"तुम्ही द्याल तो, सर."

"तुम्हाला आवड कशाची आहे?"

"तुम्हाला आहे त्याचीच, सर."

सर चष्मा काढून पुसतात. "बरं, जागा निघाली की सांगतो. तोवर पुढच्या महिन्यात आपल्या विभागाचं राष्ट्रीय चर्चासत्र आहे, तेवढं बघाल का?" इच्छुक ते बघतो. पाहुण्यांना स्टेशनवरून आणतो, बॅनरवरचे शुद्धलेखन तपासतो, जेवणाची कूपने वाटतो. गटचर्चेच्या वेळी तो मंडपवाल्याशी बोलत असल्यामुळे चर्चासत्राचा विषय काय होता, हे त्याला शेवटपर्यंत कळत नाही.

विषय निवडण्याची वेळ सर्वांत शेवटी येते. त्यासाठी शोधगंगा उघडावी लागते. भारतातल्या विद्यापीठांचे प्रबंध या संकेतस्थळावर ठेवलेले असतात. इच्छुक तिथे 'ग्रामीण कादंबरीतील स्त्रीचित्रण' असे टाइप करतो आणि आपल्याआधी बरेच जण त्या वाटेने गेल्याचे पाहून हबकतो. मग तो कालखंड बदलतो, दशक बदलतो. वाणिज्यवाल्याचे काम सोपे असते. सहकारी पतसंस्थांचा अभ्यास सांगलीत झाला असला, तर साताऱ्यात करायचा बाकी असतो. अशा रीतीने महाराष्ट्रातल्या ३६ जिल्ह्यांनी कैक संसार उभे केले आहेत. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार प्रबंधात दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. इच्छुक हा आकडा आपल्या हक्काचा कोटा म्हणून वाचतो.

मुलाखतीत समिती एकच खरा प्रश्न विचारते : हाच विषय का? "या विषयावर आजवर काम झालेलं नाही, सर," असे इच्छुक सांगतो. समितीतले एखादे वयस्कर सदस्य म्हणतात, "अहो, काम झालं नाही हे कळलं. पण ते कशासाठी व्हायला हवं?" इच्छुक फाईल चाळू लागतो. उत्तर तिथे नसते. बाकी सगळे असते, तेही तीन-तीन प्रतींत.

या प्रश्नाचे उत्तर ज्यांच्याकडे होते, त्यांची उदाहरणे मराठी माणसाला परकी नाहीत. दुर्गाबाई भागवतांच्या भगिनी कमला सोहोनी यांना १९३३ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत. अटी मान्य करून आत गेल्या आणि काम करून दाखवले. पुढे केंब्रिजला बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशीतही सायटोक्रोम सी असते, हे त्यांनी दाखवून दिले आणि १९३९ मध्ये पीएच.डी. मिळवली. त्यांचा प्रबंध अवघा चाळीसेक पानांचा होता, असे सांगतात. आजच्या इच्छुकाची फाईल त्याहून जाड असते.

प्रवेश पक्का झाल्यावर आराखडा समितीपुढे जातो. समिती शीर्षकातल्या 'अभ्यास' या शब्दाआधी 'चिकित्सक' घालते आणि मंजुरी देते. मग किमान बारा श्रेयांकांचा कोर्सवर्क, दर सहा महिन्यांनी प्रगती अहवाल आणि अखेर प्रबंध. यासाठी किमान तीन आणि कमाल सहा वर्षे मिळतात. पुनर्नोंदणीने दोन वर्षे वाढवून घेता येतात. महिलांना आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना आणखी दोन. नोंदणीपत्र हातात पडताच इच्छुक ही अवस्था संपून संशोधक विद्यार्थी ही अवस्था सुरू होते. नातेवाईक तेच राहतात, प्रश्न तेवढा बदलतो : "कुठवर आलं?"

टक्के, प्रवर्ग, गुणांची मुदत, गाईडच्या जागा, गाईडचे वय, साम्याचे प्रमाण या सगळ्यांसाठी नियम आहेत आणि ते इच्छुकाला पाठ असतात. आपल्याला नेमके काय शोधून काढायचे आहे, याची अट मात्र कोणत्याही अर्जात नाही, म्हणून ती राहून जाते. तेव्हा अर्ज भरण्याआधी एका कोऱ्या कागदावर तो प्रश्न एका वाक्यात लिहून पाहावा. जमला, तर कागद फाईलमध्ये सर्वांत वर ठेवावा. नाही जमला, तर त्या वर्षीची अर्जाची फी वाचवावी. ती परत मिळत नाही.