होमकर डोंगरावर

पर्यटक आणि होमकर यांच्यातला फरक आम्हा भिलारच्या लोकांना माणूस गाडीतून उतरतानाच कळतो. पर्यटक आधी दरीकडे बघतो. होमकर आधी मोबाइलच्या वरच्या कोपऱ्याकडे बघतो, दांड्या मोजतो आणि मग हात उंच धरून अंगणभर फिरतो. सुरुवातीला आमच्या आळीतल्या म्हाताऱ्यांना हा कसला तरी नवस वाटायचा. आता तेच पारावरून ओरडतात, "सायेब, तितं न्हाई यायची रेंज. टाकीपाशी जावा, न्हाईतर गोठ्याच्या मागं!"

होमकर म्हणजे वर्क फ्रॉम होम करणारा. यातलं वर्क त्याचं. होम मात्र आमचं, भाड्यानं. २०२० च्या टाळेबंदीनं ही जमात जन्माला घातली. हिंजवडीच्या आसपास दोन खोल्यांत बायकोची मीटिंग, पोराची ऑनलाइन शाळा आणि वरच्या मजल्यावरचं ड्रिल मशीन एकाच वेळी ऐकून ऐकून त्याचे कान किटले. तेव्हा त्याला साक्षात्कार झाला : काम लॅपटॉपमध्ये आहे, लॅपटॉप पाठीवरच्या सॅकमध्ये मावतो आणि सॅक पसरणीचा घाट चढू शकते. मग महाबळेश्वरच्या हवेत दुप्पट काम का होऊ नये?

हा साक्षात्कार झालेला तो पहिला मात्र नव्हे. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांना तो दोनशे वर्षांपूर्वीच झाला होता. १८२९ साली सातारच्या छत्रपती प्रतापसिंहांना खंडाळा गाव देऊन त्यांनी इथली जागा घेतली. (हे आपलं वाईकडचं खंडाळा. लोणावळ्याच्या शेजारच्या खंडाळ्याचा या व्यवहाराशी संबंध नाही. त्याला स्वतःचे होमकर पुरेसे आहेत.) पेठेला माल्कमपेठ नाव पडलं आणि पुढं दर उन्हाळ्यात मुंबई सरकारचा कारभारच घाट चढून वर येऊ लागला. पण साहेबाला एक गोष्ट नीट कळत होती. पाऊस लागला की तो गाशा गुंडाळून खाली उतरायचा. होमकराला तेवढं कळत नाही. 'धुक्यात क्रिएटिव्हिटी वाढते' असं कुठंतरी वाचून तो ऐन जुलैत येतो. महाबळेश्वरात वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो हे त्याला माहीत असतं, पण तो आकडा आपल्या जीन्सला लागू होईल असं त्याला वाटत नाही. मग चार दिवसांत धुकं खिडकीतून आत येऊन शेजारच्या खुर्चीत बसतं, एकही पँट वाळत नाही आणि क्लायंटसमोर साहेब वर कडक इस्त्रीचा शर्ट, खाली आमच्या तात्यांचा लेंगा अशा वेषात तिमाहीचे आकडे सांगत असतात.

त्यातल्या त्यात चतुर होमकर महाबळेश्वर आणि पाचगणी सोडून मुद्दाम भिलारला येतो. त्याला कारण आहे. ४ मे २०१७ पासून आमचं गाव 'पुस्तकांचं गाव' झालं. कुणाच्या घरी कादंबऱ्या, कुणाच्या घरी संतसाहित्य, कुणाच्या पडवीत चरित्रं. कुणीही यावं, बसावं, फुकट वाचावं. होमकर वाचायला येत नाही. त्याला कॅमेऱ्यात आपल्या मागं पुस्तकांचं कपाट दिसायला हवं असतं. गेल्या हंगामात एक जण असाच आमच्या शेजारी उतरला. खोली न बघताच त्यानं कपाट बघून पैसे भरले. पहिल्याच मीटिंगला त्याच्या वरिष्ठानं चष्मा पुसून विचारलं, "तुझ्या मागं ते ससा आणि कासव का आहे?" त्या घरी बालसाहित्य होतं. शिवाय गावच्या रीतीप्रमाणे दार उघडं. साहेब बजेटवर बोलत असताना कोल्हापूरचं एक अख्खं कुटुंब आत आलं, बाकावर ऐसपैस बसलं आणि त्यातल्या आजींनी कॅमेऱ्यात वाकून विचारलं, "ऐतिहासिक कादंबऱ्या कुठल्या घरात हो?"

आमच्याकडे उतरणाऱ्याची तऱ्हा निराळी. त्याच्या मागं खरीखुरी दरी आहे. त्याला ती लपवावी लागते. दरी दिसली की ऑफिसात 'मजा आहे बुवा एकाची' सुरू होतं आणि पगारवाढीच्या वेळी ते बरोब्बर आठवतं. म्हणून तो दरीवर पांढऱ्या भिंतीचं खोटं चित्र चढवतो. गंमत पुढं आहे. हिंजवडीत खऱ्या पांढऱ्या भिंतीसमोर बसलेल्या त्याच्या मॅनेजरनं आपल्या मागं दरीचं चित्र लावलेलं असतं. दोघं एकमेकांना विचारतात, "हवा कशी आहे तिकडे?"

होमकराचा पहिला आठवडा काम करण्यात जात नाही. कामाची तयारी करण्यात जातो. आमची प्लास्टिकची खुर्ची त्याच्या कंबरेला चालत नाही. तो दोन उशा मागतो. लॅपटॉप डोळ्यांच्या पातळीवर हवा म्हणून स्ट्रॉबेरीचे दोन रिकामे क्रेट मागतो. टेबल उजेडाकडे फिरवतो, मग डोळ्यांवर ऊन येतं म्हणून परत फिरवतो. मग भिंतीवर वेळापत्रक चिकटवतो : पहाटे विल्सन पॉइंटला सूर्योदय, सहा ते सात योग, सात ते नऊ 'डीप वर्क'. सात ते नऊ ही आमच्याकडे माल भरायची वेळ. आम्ही अंधारातच शेतात जाऊन स्ट्रॉबेरी तोडून आणलेली असते. अंगणात सगळं घर फळं निवडून पनेटमध्ये भरत असतं, टेम्पोवाला हॉर्नवर हात ठेवून उभा असतो. दोनदा होमकर गॅलरीत येऊन फार नम्रपणे म्हणतो, "काकू, जरा हळू होईल का? मी फोकस करतोय." आई म्हणते, "करा की. आमी कुटं बगतोय तुमच्याकडं?"

एकानं तिला पोमोडोरो समजावून सांगितलं. पंचवीस मिनिटं काम, पाच मिनिटं सुट्टी. एका इटालियन माणसानं काढलेली पद्धत, टोमॅटोच्या आकाराच्या स्वयंपाकघरातल्या घड्याळावरून नाव पडलेलं. आईनं नीट ऐकून घेतलं. पाच मिनिटांच्या सुट्टीत तो चहाला खाली यायचा. आईच्या चहाला आधी आधण, मग आलं, मग दूध उतू जाणं, मग त्याच्या मामेबहिणीच्या लग्नाचं कुठवर आलं, हे सगळं लागतं. ती पाच मिनिटं पाऊण तासाच्या खाली कधी आली नाहीत. दुसऱ्या दिवशी तो घाईत आला आणि म्हणाला, "काकू, टोमॅटो वाजायच्या आत चहा द्या हं." तात्यांनी तेव्हापासून त्याच्याशी जपून बोलायला सुरुवात केली.

बाहेरून या डोंगरावर येऊन मन लावून काम केलेली मंडळी मला इतिहासात एकच सापडतात. इंग्रजांनी इथल्या तुरुंगात ठेवलेले चिनी आणि मलायी कैदी. त्यांनी बटाटे आणि विलायती भाज्या पिकवल्या, टोपल्या विणल्या. १८६४ च्या सुमारास तो तुरुंग बंद झाला. त्यांना वेळापत्रक चिकटवावं लागत नव्हतं आणि अर्थातच सूर्यास्ताला बॉम्बे पॉइंटवर जायची मुभा नव्हती. होमकराला ती असते, हाच त्याचा घोळ आहे.

कारण त्याच्या नावापुढं एक हिरवा ठिपका असतो. तो हिरवा असला की माणूस कामावर. माउस थोडा वेळ हलला नाही की ठिपका पिवळा होतो आणि हिंजवडीत भुवया वर जातात. ठिपका हिरवा ठेवण्यात होमकराची जेवढी बुद्धी जाते तेवढी कोडिंगमध्ये गेली असती तर गुगलनं भिलारला शाखा काढली असती. एकानं टेबल फॅनच्या जाळीला दोरी बांधून तिच्या टोकाला माउस लटकवला. लाइट गेली, फॅन थांबला, ठिपका पिवळा. पुढच्यानं उपाय काढला तो आमच्या आईच्या रूपानं.

"काकू, मी जरा आर्थर सीटला जाऊन येतो. हा माउस अधूनमधून नुसता हलवत राहाल?"

आई एका हातानं स्ट्रॉबेरी निवडायची, मोठी इकडं, बारकी तिकडं. दुसऱ्या हातानं माउस. तीन दिवस ठिपका हिरवागार. चौथ्या दिवशी पडद्यावर कुणाचा तरी निरोप उगवला, त्याच्याखाली अंगठ्याचं चित्र. बाण नेमका त्याच्यावर गेला आणि आईनं दाबलं. संध्याकाळी साहेब परतले, तेव्हा मॅनेजरनं अंगठ्याला अंगठा दिला होता. विचारलेलं असं : 'रविवारी रात्रभर जागून हे रिलीज कोण सांभाळेल?'

रविवारी रात्री लाइट नव्हती. होमकर पाण्याच्या टाकीपाशी छत्री, पॉवर बँक आणि तात्यांची कानटोपी घेऊन पहाटेपर्यंत बसला. तात्या दोनदा बॅटरी घेऊन गव्यांचा अंदाज घेऊन आले. आईनं थर्मास भरून दिला, आलं जरा जास्त घालून. सोमवारी मॅनेजरचं पत्र आलं : स्वतःहून पुढाकार घेणारी अशी माणसंच कंपनीला हवी आहेत. त्यानं ते आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. आईनं पदराला हात पुसले, खोलीच्या भाड्याची वही काढली आणि दूध, अंघोळीचं गरम पाणी यांच्या खाली नवी ओळ लिहिली : माउस हलवणे, रोजचे पन्नास.