शंभर टक्के नाना

मंचर ते नारायणगाव पट्ट्यात कुठल्याही मळ्यात जा, एक नाना असतातच. थांब्यावर एसटीतून अनोळखी माणूस उतरला, की नाना चष्मा कपाळावर चढवतात आणि निकाल देतात, "ओतूरचा हाय ह्यो. नाकावरनं सांगतो. आजा कुकडीच्या कॅनॉलवर मुकादम व्हता." माणूस चाकणहून मोबाईल टॉवरच्या कामाला आलेला असतो. त्यानं तसं सांगितलं तरी निकाल फिरत नाही. "तुला म्हाईत नसंल. घरी इचार."

2023 च्या जुलैत नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचं 20 किलोचं कॅरेट 2000 रुपयांच्या वर गेलं आणि लोक रात्री रानात राखणीला बसू लागले. विहिरीवरच्या मोटारी आणि केबली तर आधीपासूनच जात होत्या. मग नानांच्या नातवानं पुण्याहून चेहरा ओळखणारे कॅमेरे आणून रस्त्यावर, विहिरीवर आणि गोठ्यावर बसवले. नानांना वाटलं, आपल्या पोटावर पाय आला.

नातवानं समजावलं. यंत्र चेहऱ्याचे आकडे करतं, साठवलेल्या आकड्यांशी ताडून बघतं आणि किती जुळलं ते सांगतं. कितीला 'ओळखलं' म्हणायचं, ते माणसानं ठरवायचं. दिल्ली पोलीस 80 टक्के जुळलं की ओळख पटली असं धरतात, हे 2022 मध्ये माहिती अधिकारात बाहेर आलं होतं. "ऐंशी?" नाना म्हणाले, "मंग ऱ्हायलेला वीस टक्के कोण म्हनायचा?" हिशेब तसा नसतो, पण प्रश्न दिल्लीत कुणीतरी विचारायला हवा होता.

पहिल्याच पहाटे नातवाचा फोन वाजला: गोठ्यात अनोळखी व्यक्ती. कानटोपी, त्यावर मफलर, हातात बॅटरी आणि चरवी, असे खुद्द नाना धारेला बसलेले. "माझ्याच गोठ्यात मी अनोळखी?" नातू म्हणाला, "नाना, मफलर काढा आणि वर बघा." नानांनी लग्नाच्या फोटोला उभं राहावं तसं तोंड केलं. अठ्ठावन्न टक्के. चुलीपुढून आजी म्हणाल्या, "लई झाले. मला उभ्या जन्मात तेवढे जुळले न्हाईत."

एक मात्र कबूल करायला हवं. टोमॅटो तोडायला येणाऱ्या बाया उन्हासाठी डोळ्यांपर्यंत ओढणी गुंडाळतात. यंत्राच्या लेखी त्या सगळ्या अनोळखी. नाना चालीवरून, खोकल्यावरून, नुसत्या पाटी ठेवण्याच्या आवाजावरून प्रत्येकीचं नाव सांगतात, आणि तिथं सहसा चुकत नाहीत.

घोटाळा होतो तो चोरी झाल्यावर. एका रात्री विहिरीवरची केबल गेली. चित्रात पाठमोरा माणूस, डोक्यावर खोळ, अंधार. नानांनी फोन हातभर लांब धरला, चित्र तीनदा फिरवलं आणि चुलतभावाच्या थोरल्याचं नाव घेतलं. त्या घराशी बांधाचा दावा चालू आहे. मागच्या चोरीतला चोरही नानांच्या निकालात बांधाला लागूनच राहणारा निघाला होता, पण पूर्वेच्या; तेव्हा दावा त्या बांधाचा होता. हवालदारानं विचारलं, "यंत्र काय म्हणतंय?" यंत्र म्हणत होतं, चेहरा दिसत नाही. "त्याला दिसत नसंल," नाना म्हणाले, "आपलं शंभर टक्के."

बिबट्याच्या बाबतीतही तेच. बिबट्या इथं चेष्टेचा विषय नाही. 2025 मध्ये शेजारच्या शिरूर तालुक्यात पिंपरखेडला लागोपाठ माणसं गेली आणि लोक पुणे-नाशिक महामार्गावर उतरले. जुन्नर वनविभागानं काही गावांत बिबट्या दिसला की भोंगा वाजवणारे एआय कॅमेरे लावले. नानांना त्याचं कौतुक नाही. "नुसता बिबट्या? कंचा, ते सांगा की!"

कंचा, ते अंगावरच्या ठिपक्यांवरून कळतं. प्रत्येकाचे वेगळे, त्यातही डाव्या कुशीचे उजवीशी जुळत नाहीत, म्हणून अभ्यासक दोन्ही बाजूंचे फोटो मागतात. नानांना एक बाजूही लागत नाही. गोठ्यापुढून रात्री नुसती शेपटी गेली, तरी सकाळी ग्रुपवर निरोप असतो: 'डिंभ्याच्या उजव्या कालव्यावरचा. मागल्या साली पकडून माणिकडोहच्या बिबट्या केंद्रात नेलेला, तोच. जाताना माझ्याकडं बघून थांबला.'

वनरक्षक भला माणूस. म्हणाला, "नाना, पकडलेल्या बिबट्याला शेपटीच्या बुडाशी चिप बसवतात. हा तोच असला तर सापडल्यावर कळेल." आठवड्यानं उसाच्या कडेच्या पिंजऱ्यात बिबट्या सापडला. शेपटीवरून यंत्र फिरवलं. चिप नाही. पुन्हा फिरवलं. नाही. सगळी वस्ती नानांच्या तोंडाकडं बघू लागली.

नानांनी चष्मा कपाळावर चढवला, पिंजऱ्यात एकवार वाकून पाहिलं आणि म्हणाले, "उसात पडली आसंल. तोडणी झाली की घावंल."