अर्ध्या तासात दोन राज्यं

आमच्या पुण्यातल्या ऑफिसात डावा हात एक्सेलमध्ये आणि उजवा मेथीच्या भाजीत असला की त्याला लंच ब्रेक म्हणतात. फ्रान्समध्ये कामाच्या जागी बसून जेवायला कायद्यानं बंदी होती, २०२१ मध्ये कोविडपायी ती सैल करावी लागली, हे सांगितल्यावर आमचे साहेब फ्रेंचांसाठी मनापासून हळहळले.

अशा तालमीत तयार झालेला मी कापसाच्या जिनिंग मिलचे हिशेब तपासायला मावल्याला गेलो. नंदीग्राम एक्सप्रेस किनवट मागे टाकते आणि तेलंगणातलं आदिलाबाद येतं. त्याला चिकटूनच मावला. ४४ नंबरचा हायवे, एक तलाव, २०१६ पासून मंडलाचा दर्जा आणि हंगामात नाकातोंडात जाणारा कापूस.

पावणेदोनला तिथले मराठी अकाउंटंट म्हणाले, "चला सर, जेवू."

"दहा मिनिटांत उरकतो."

"उरकायला लग्न आहे का सर?"

सतरंजीवर डबे उघडले. ज्वारीची भाकरी, ठेचा, वांगं. मी पोटभर हाणलं, शिस्तीत हात धुवायला उठलो. सगळे दचकले. "अहो बसा, आत्ता तर भात निघतोय!" तेलुगू सुपरवायझरनं डब्याचे आणखी मजले उतरवले. आधी पप्पू, म्हणजे घट्ट वरण, त्यावर भात. मग अंबाडीचं लोणचं, त्यावर भात. मग चारू, म्हणजे सार, त्यावर अर्थातच भात. शेवटी दही. दह्याआधी पानावरून उठणारा माणूस तिथे एक तर आजारी असतो किंवा भांडलेला. मी आजारी असल्याचं सांगून पाहिलं. दहीभात दुप्पट वाढला गेला, तो पोटाला थंड असतो म्हणून.

या दुहेरी जेवणाचं मूळ इतिहासात आहे. किनवट आणि राजुरा हे तालुके पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यातलेच. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत ते आजच्या महाराष्ट्राकडे आले. तालुके वाटले, डबे वाटायचे राहून गेले. त्यामुळे इथला मराठी माणूस भाकरीनं विदर्भाशी इमान राखतो, भातानं तेलंगणाशी, आणि दोन्ही एकाच सुट्टीत. महाराष्ट्र सरकारनं २०२० मध्ये पाच दिवसांचा आठवडा देताना जेवणाला एक ते दोनच्या दरम्यान जास्तीत जास्त अर्धा तास, असं बजावलं होतं. तेवढ्यात मावल्यात आपण पप्पूपर्यंत पोचतो.

मला काळजी लागली ती बाहेरच्या रांगेची. कापसाच्या गाड्या उभ्या, आणि ओलावा मोजणारा माणूस माझ्या शेजारी चारू भुरकतोय! पुणेरी कर्तव्यबुद्धीनं मी बाहेर जाऊन एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला म्हटलं, "काका, उशीर होतोय हो तुम्हाला."

"जेवू द्या ना जी त्याइले. कायची घाई हाय?"

मग उलगडा झाला. सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, दरात ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव, पुढे कपात, १२ च्या वर गाडी परत. काकांनी ताडपत्रीवर कापूस पसरला होता आणि वर दुपारचं कडक ऊन होतं. साहेबांनी सावकाश जेवावं म्हणून देव पाण्यात घालून बसलेली दुसरी रांग मी पाहिलेली नाही.

"दही वाढलं काय?" काकांनी विचारलं.

"आत्ताच."

"अजून एक वाटी घ्या म्हना," असं म्हणून ते कापूस उलटा-पालटा करायला लागले.