चिकटलेला मागचा ब्रेक : साहित्य आणि कृती

(प्रमाण एका गाडीचं. सल्ला मात्र सोसायटीतल्या सहा जणांना पुरून उरतो.)

ब्रेक लागत नाही, हे माणसाला पहिल्याच सिग्नलला कळतं. ब्रेक सुटत नाही, हे कळायला तीन-तीन महिने जातात. गाडीचं ॲव्हरेज पडतं. आधी संशय पंपवाल्याच्या मापावर जातो, मग पेट्रोलवर, मग कार्बोरेटरवर. शेवटी मागे बसणाऱ्याच्या वजनाचा विषय निघतो आणि घरातलं वातावरण बिघडतं. मागचं चाक बिचारं या सगळ्या काळात ब्रेक अंगावर घेऊन गाडी ओढत असतं.

ही कृती रोज ऑफिसला जाणाऱ्या, मागे ड्रम ब्रेक असलेल्या साध्या मोटारसायकलीसाठी आहे. मागे डिस्क असेल तर तुमची पंगत वेगळी; तिचं ताट शेवटी वाढलं आहे.

लक्षणं

पहिलं लक्षण उताराचं. जिथे गाडी न्यूट्रलमध्ये आपसूक पळायची, तिथे आता ती विचार करत थांबते.

दुसरं वासाचं. पार्किंगमध्ये गाडी लावली की काहीतरी करपल्यासारखं येतं आणि आपण वर बघून कुणाच्या घरची आमटी लागली याचा अंदाज घेतो.

तिसरं सगळ्यात भरवशाचं. मागचा ब्रेक फारसा न वापरता पाच-सहा किलोमीटर जाऊन या आणि ड्रमवर पाण्याचा शिंतोडा मारा, घावनाच्या तव्यावर मारतो तसा. चर्र झालं तर ब्रेक चिकटलाय. नुसता ओला झाला तर बोटाच्या मागच्या बाजूने हळूच अंदाज घ्या. कोमट असेल तर ठीक. थेट पंजाने ड्रम धरू नये. तो धडा एकदाच शिकता येतो.

चौथं लक्षण मागून येणारे लोक सांगतात : ब्रेकचा दिवा सारखा पेटलेला असतो.

पावसाळ्यात गाडी दोन-चार दिवस एका जागी उभी राहिली आणि सकाळी पहिल्या धक्क्याला ‘टक्’ असा आवाज होऊन सुटली, तर घाबरू नका. ड्रमला आतून पातळ गंज धरतो आणि लायनर त्याला चिकटतो. सुटल्यावर चाक मोकळं फिरत असेल तर प्रकरण तिथेच मिटलं.

निदान

गाडी डबल स्टँडवर घ्या, न्यूट्रल करा आणि मागचं चाक हाताने जोरात फिरवा. दोन-तीन फेरे मारून ते सावकाश थांबलं पाहिजे. किंचित घासल्याचा आवाज चालतो. अर्ध्या फेऱ्यात थांबलं तर पुढे वाचा.

आता मदतनीस लागेल. त्यासाठी घरातलं लहान मूल घ्यावं. मोठी माणसं बघत नाहीत, सांगतात. तुम्ही पेडल दाबा आणि सोडा. मुलाला मागे बसवून ड्रमवरचा छोटा आर्म दाखवा आणि विचारा, ‘मागे आला का?’ उत्तरं तीनच संभवतात.

अ) पेडलच वर येत नाही.
आ) पेडल वर येतं, पण आर्म तिथेच राहतो. पेडलपासून आर्मपर्यंत येणाऱ्या दांडीच्या टोकाचा नट आणि आर्ममधली पिन यांच्यात फट दिसते.
इ) दोन्ही परत येतात, चाक तरी घासतं.

खालून सुरुवात करू, कारण सोपं तेच आधी. नवशिके नेमकं उलटं करतात.

‘इ’ची कृती

एकच प्रश्न : एवढ्यात चेन टाइट केली होती का?

चेन ताणताना मागचं चाक मागे सरकतं. ब्रेकची दांडी मात्र होती तेवढ्याच लांबीची राहते. म्हणजे चाक मागे गेलं की दांडी आपोआप आर्म पुढे ओढून धरते आणि कुणी पाय न लावता ब्रेक लागतो. चेन टाइट केल्यावर ब्रेकचा नट सैल करायचा, ही दोन कामांची जोडी आहे. तिच्यातलं दुसरं विसरण्यासाठीच असतं.

माझं तेच झालं. पुण्याहून वाईला निघताना एका गॅरेजात चेन टाइट करून घेतली. खंबाटकीचा चढ लागला आणि गाडी दुसऱ्या गिअरवर रडायला लागली. मी मागे वळून बायकोला तिसऱ्यांदा विचारलं, ‘बॅगेत भरलंयस तरी काय?’ ती म्हणाली, ‘बॅग घरीच राहिलीय.’ वर थांबून ड्रमवर बाटलीतलं पाणी शिंपडलं, तर वाफ निघाली. गाडी निवल्यावर नट हातानेच तीन फेरे उलटा फिरवला. पाना लागला नाही. माफी मात्र मागावी लागली, आणि ती वाईपर्यंत पुरली नाही.

तर नट सैल करा. त्याला पिनेवर बसणारी अर्धगोल खाच असते. खाच पिनेवर नीट बसेल तिथेच थांबा, मध्ये अडकवू नका. पेडल बोटाने दाबून बघा. ब्रेक धरायला लागण्याआधी २० ते ३० मिलिमीटर, म्हणजे आडवं दीड बोट, ते मोकळं हललं पाहिजे. दिव्याचा स्विचही याच वेळी जुळवून घ्या.

‘अ’ची कृती

पेडल ज्या पिनेवर फिरतं ती पायाच्या पातळीवर असते. पावसाळाभर पुढच्या चाकाचा चिखल तिथेच जमा होतो आणि वाळून दगड बनतो. रॉकेल सोडा, पेडल वर-खाली हलवा, जमल्यास काढून पिन पुसा आणि ग्रीस लावा. पेडलची स्प्रिंग तुटलीय का बघा. गाडी उजव्या अंगाला पडली असेल तर पेडल वाकून लेगगार्डला किंवा सायलेन्सरला टेकतं; मग सरळ करणं आलं.

२०१९च्या एप्रिलनंतरच्या १२५ सीसीपर्यंतच्या बहुतेक गाड्यांत मागचं पेडल पुढचा ब्रेकही थोडा ओढतं. तिथे पेडल अडकलं तर पुढचं चाकही फिरवून बघा.

‘आ’ची कृती

हा खरा पदार्थ.

साहित्य : पान्यांचा सेट, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, पॉलिश पेपर, रॉकेल, जुन्या बनियनचं फडकं, नवी स्प्लिट पिन, कालचा पेपर, मोबाईल आणि चवीपुरतं ग्रीस.

आधी आत काय आहे ते समजून घ्या. ड्रममध्ये दोन अर्धचंद्राकृती ब्रेक शू असतात, त्यांच्यावर लायनर. दोघांच्या टोकांमध्ये एक चपटा कॅम. आर्म ओढला की कॅम आडवा होतो आणि शू फाकून ड्रमला घासतात. आर्म सुटला की दोन स्प्रिंगा त्यांना परत आत ओढतात. सगळी गोम इथेच आहे : लावायला माणसाचा अख्खा पाय, सोडवायला करंगळीएवढ्या दोन स्प्रिंगा. कॅमच्या दांड्यावर गंज आणि धूळ बसली की पाय जिंकतो आणि स्प्रिंगा हरतात. म्हणून ब्रेक लागतो झकास आणि सुटत नाही.

१. दांडीचा नट काढा. ब्रेक प्लेट धरून ठेवणाऱ्या पट्टीचा बोल्ट काढा. मग एक्सलचा मोठा नट. प्रत्येक गोष्ट काढण्याआधी मोबाईलवर फोटो घ्या.

२. निघालेल्या वस्तू पेपरवर ओळीने मांडा. पेपरवर दगड ठेवा. पेपर वाचू नका.

३. चाक खाली आलं की ब्रेक प्लेट बाहेर येते. आतली काळी भुकटी फुंकू नका, ओल्या फडक्याने टिपा. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस वापरत असत, आणि नवी भुकटीसुद्धा छातीत जाण्यासाठी नसते.

४. दोन्ही शू पुस्तक मिटल्यासारखे वर दुमडले की स्प्रिंगांसकट सुटतात. डोळे जपा, स्प्रिंग उडाली की थेट शेजाऱ्यांच्या कुंडीत सापडते.

५. आर्म आणि कॅमच्या टोकावर एकमेकांसमोर खूण आहे का बघा, नसेल तर करा. मग आर्म काढून कॅम बाहेर ओढा. तो येत नसेल तर रॉकेल पाजा आणि एक चहा घ्या. हातोडी हा शेवटचा उपाय, आणि तोही लाकडाचा तुकडा मध्ये धरून.

६. कॅमचा दांडा आणि त्याचं भोक पॉलिश पेपरने घासून चकचकीत करा. बोटाने ढकलल्यावर कॅम फिरला पाहिजे. आता ग्रीस : दांड्यावर पातळ हात, कॅमच्या चपट्या बाजूंवर आणि शूंची दुसरी टोकं टेकतात त्या समोरच्या पिनेवर नुसता स्पर्श. लायनरवर शून्य.

७. लायनर फार झिजले असतील, तेलकट असतील किंवा काचेसारखे चमकत असतील, तर दोन्ही शू एकदम बदला. झिजलेल्या लायनरमागे कॅमला जास्त वळावं लागतं आणि एका क्षणी तो आडवाच अडकतो. बाहेर आर्मजवळ झीज दाखवणारा बाण असेल तर त्याचं ऐका. स्प्रिंगा सैल पडल्या असतील तर त्याही नव्या टाका.

८. उलट क्रमाने जोडा. एक्सलचा नट मात्र दांडी जोडल्यावर, पेडल दाबून धरून आवळा, म्हणजे शू ड्रमच्या बरोबर मध्ये बसतात. पट्टीचा बोल्ट आणि स्प्लिट पिन विसरू नका. ती पट्टी नसेल तर ब्रेक लावताच प्लेट चाकाबरोबर फिरते आणि चाक अडकतं. इथे विनोद संपतो.

९. शेवटी एक वॉशर उरेल. ‘कंपनीच जास्तीचे देते,’ असं कुणीतरी म्हणेल. फोटो बघा.

न करण्याची कृती

ड्रमच्या फटीतून ऑइल सोडू नका. ‘ऑइल सोडलं की सगळं सुटतं,’ असं सांगणारा प्रत्येक इमारतीत एक असतो. त्याचं खरं आहे. ब्रेक सुटेल. पुन्हा लागणार नाही, एवढंच.

डिस्कवाल्यांचं ताट

तिथे दांडीऐवजी द्रव असतो. पेडलला मोकळी हालचालच ठेवली नसेल, तर द्रव परत जाण्याची वाट बंद राहते. गरम झाल्यावर तो फुगतो आणि ब्रेक स्वतःच आवळत जातो. कॅलिपरच्या पिना सुकल्या किंवा पिस्टन गंजला तरी तेच. हालचाल तपासा, पिना साफ करून त्यांच्यासाठी मिळतं तेच ग्रीस लावा. पिस्टनला हात लावण्याची वेळ आली तर जाणत्या मेकॅनिककडे जा. ब्रेक ऑइल रंगावर सांडलं तर रंग सोलवटतो.

वाढण्यापूर्वी

चाक फिरवा, पेडल दाबा, सोडा, पुन्हा फिरवा. मग गल्लीतल्या गल्लीत हळू चालवून दोन्ही ब्रेक तपासा. नवे लायनर असतील तर पहिले काही दिवस अंतर राखून चालवा. ते ड्रमवर बसायला वेळ घेतात. पाच किलोमीटरनंतर पुन्हा पाण्याचा शिंतोडा.

यातलं काहीच जमणार नाही असं वाटत असेल, तर एवढं तरी करा. आज संध्याकाळी गाडी डबल स्टँडवर लावा, न्यूट्रल करा आणि मागचं चाक एकदा हाताने फिरवा. दोन फेरे पूर्ण झाले नाहीत, तर पंपवाल्यावर आणि मागे बसणाऱ्या माणसावर संशय घेणं आजपासून बंद करा.