अप्पांना गाडी घ्यायची आहे

आमच्या सोसायटीत नव्याने राहायला येणाऱ्याला पहिल्याच दिवशी तीन गोष्टी सांगतात : पाणी सकाळी सहाला येते, कचरेवाल्या मावशी साडेसातला येतात आणि अप्पांना गाडी घ्यायची आहे. पहिल्या दोन गोष्टींत अधूनमधून बदल होतो.

अप्पांची मागणी ऐकायला साधी आहे. गाडी जुनी हवी, म्हणजे त्यांच्या भाषेत 'क्लासिक'. परवडणारी हवी. आणि महिन्या-दोन महिन्यांतून घरच्यांना बसवून कुठे तरी जाऊन येता आले पाहिजे. यांतली कुठलीही दोन कलमे जमतात. जुनी आणि परवडणारी गाडी भंगारवाल्याच्या दारात असते. जुनी आणि घरच्यांना बसण्यालायक असते, ती परवडत नाही. परवडणाऱ्या आणि घरच्यांना चालणाऱ्या गाड्या सेकंडहँडवाल्याकडे रांगेने उभ्या असतात, पण त्यांच्याकडे बघून अप्पांचे काळीज हलत नाही. तिन्ही कलमे एका बॉनेटखाली आणण्याची खटपट अप्पा निवृत्त झाल्यापासून चालू आहे.

निवृत्त झाले ते बँकेच्या कर्ज विभागातून. आलेल्या प्रस्तावातली खोट हुडकणे हे तिथले त्यांचे काम, आणि त्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. जाताना बँकेने शिक्के काढून घेतले, नजर काढून घ्यायची राहिली. त्यामुळे अप्पा घरून निघतात गाडी घ्यायला, आणि तिथे पोहोचल्यावर बघतात ती नाकारायला.

बघायला जातानाची त्यांची एक कापडी पिशवी आहे. तीत गोणपाट, टॉर्च, बोथट स्क्रूड्रायव्हर, वही आणि रुमालात गुंडाळलेले लोहचुंबक. गोणपाट अंथरून अप्पा या वयात गाडीखाली सरपटतात आणि स्क्रूड्रायव्हरने तळाचा पत्रा टोचत राहतात. ''इंजिन कुणीही बांधून देईल, सडलेला तळ कुणी बांधत नाही,'' हे त्यांचे पहिले सूत्र. चुंबक बाहेरून फिरवायचे. पत्रा असेल तिथे ते धरते, पुट्टी भरली असेल तिथे सुटते. एका फियाटवर ते छपराच्या कडेला लावले आणि थेट जमिनीवर पडले. अप्पांनी ते शांतपणे उचलले आणि मालकाला विचारले, ''या गाडीत गाडी किती आहे?''

मग धूर. गाडी सुरू करायला लावून अप्पा सायलेन्सरमागे उकिडवे बसतात. निळा धूर आला तर ऑइल पितेय. पांढरा धूर येतच राहिला तर हेड गॅस्केट गेले. काळा आला तर कार्ब्युरेटर पेट्रोल जास्त सोडतोय. धूर मुळीच दिसला नाही, तर अप्पांना वेगळाच संशय येतो. मालकाने बोलावण्याआधी इंजिन का तापवून ठेवले? थंड इंजिन चोक ओढून कसे उठते तेच तर बघायचे असते. पाठोपाठ रबरी नळ्यांची चौकशी. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते, जुन्या नळ्यांना ते सोसत नाही, बदलल्यात का? मालक म्हणतो, ''काका, तुम्ही घेणार आहात का?'' अप्पा म्हणतात, ''म्हणून तर विचारतोय.''

अडीच लाखांच्या वर जायचे नाही, हे ठरलेले. त्यातले दीड गाडीला आणि एक लाख मिस्त्रीला. जुन्या गाडीची किंमत तिच्या मालकाला देऊन संपत नाही, हे त्यांचे दुसरे सूत्र. ते मात्र अगदी खरे आहे. सोसायटीतल्या ज्यांनी ते मानले नाही, त्यांच्या गाड्या अजून गॅरेजात आहेत.

पहिली पसंती अर्थात पद्मिनीची. मूळची इटलीची फियाट ११००, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनणारी. आधी डिलाइट, मग प्रेसिडेंट, आणि १९७४ पासून पद्मिनी. १०८९ सीसीचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर हँडगिअर. सुटे भाग अजून मिळतात, नाना पेठेत नाही तर मुंबईत. अडचण एकच. महाराष्ट्रातली प्रत्येक विकाऊ पद्मिनी एका डॉक्टरांची असते. एकहाती वापरलेली, फक्त व्हिजिटला काढलेली. पुण्याबाहेरच्या एका गोडाऊनमध्ये अशीच एक पांढरीशुभ्र गाडी बघायला गेलो होतो. अप्पांनी दाराचे रबर नखाने जरासे उचलले. वरच्या कडेला, छपरालगत, खाली पिवळा रंग. मग डाव्या अंगाला बोट फिरवत दोन बुजवलेली भोके शोधली आणि एजंटाला विचारले, ''तुमचे डॉक्टर व्हिजिटला मीटर टाकून जायचे का हो?''

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून शेवटच्या पद्मिनी टॅक्सीला निरोप दिला गेला, तेव्हा अप्पा दिवसभर कुणाशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी भेटले तेव्हा काळजीत होते. ''आता डॉक्टर वाढणार.''

अँबॅसेडरवर त्यांचा राग नाही. मॉरिस ऑक्सफर्डच्या साच्यातून आलेली, कोलकात्याजवळ उत्तरपाड्याला २०१४ पर्यंत बनत राहिलेली गाडी. मागे तीन माणसे ऐसपैस बसतात आणि चौथे रुसून बसू शकते. पण आमच्या पार्किंगच्या दोन खांबांमध्ये ती घातली, तर आतल्या माणसाला दार उघडता येत नाही. शिवाय काकूंनी वेगळाच मुद्दा काढला, ''त्या गाडीतून उतरलं की लोक अर्ज घेऊन येतात.'' मुलाने एकदा कॉन्टेसा सुचवली. अप्पांनी तिची लांबी आणि पेट्रोलचा खर्च एकाच ओळीत लिहिला आणि वही मिटली.

मग आली डुक्कर फियाट. पन्नासच्या दशकातली, गोल पाठीची, पुढची दारे उलटी उघडणारी. ती बघून अप्पा हरखले. पण त्यांचे नियमही पाठ. केंद्राच्या २०२१ च्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षांपुढची, मूळ रूपातली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे. मात्र तशी नोंदवलेली गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, विंटेज रॅली, तांत्रिक संशोधन, देखभाल आणि पेट्रोल भरणे एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची.

''म्हणजे अप्पा, घरच्यांना घेऊन आळंदीला जाता येणार नाही?''

अप्पांनी खूप वेळ विचार केला. ''पेट्रोल भरायला जाता येईल. पंप आळंदीचा निवडला तर?''

मात्र जीव जडला तो हेराल्डवर. मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने १९६१ पासून काढलेली, मिकेलोत्ती नावाच्या इटालियन माणसाने रेखलेली. हिचे बॉनेट मडगार्डांसकट पुढे उलथते आणि मिस्त्री चाकावर बसून इंजिनाशी बोलू शकतो. पंचवीस फुटांच्या वर्तुळात वळते. म्हणजे आमच्या पार्किंगमधून एका दमात बाहेर.

''दारं किती?'' काकू.

''दोन.''

''आणि मी मागे कशी शिरू? माझे गुडघे त्या इटालियनाला दाखवले होते का?''

''चार दारांचीही निघाली होती पुढे. मार्क थ्री.''

''मग ती बघा.''

''तिच्यात ती मजा नाही गं.''

सुनेचा प्रश्न प्रत्येक गाडीला एकच असे : ''बाबा, मागे बेल्ट कुठंय? पिल्लूची सीट कशाला बांधायची?'' अप्पा म्हणत, आम्ही मांडीवर बसून मोठे झालो. सून काही बोलत नसे, फक्त मुलीला कडेवरून खाली उतरवत नसे. तो प्रस्ताव तिथेच नामंजूर होई.

एवढा आटापिटा कशासाठी, हे मला एका संध्याकाळी उलगडले. लग्नानंतर सासऱ्यांच्या फियाटमधून अप्पा-काकू महाबळेश्वरला गेले होते. पसरणीच्या घाटात गाडी तापली, पेट्रोलची नळीतच वाफ होऊ लागली आणि इंजिन बसले. सासऱ्यांनी पंपावर ओला फडका टाकला, रेडिएटर निवेपर्यंत सगळे कठड्यावर बसले, डबे उघडले, कुणी तरी भेंड्या सुरू केल्या. ''तसा प्रवास नव्या गाडीत होत नाही,'' अप्पा म्हणाले, ''ती बंदच पडत नाही.'' आतून काकूंचा आवाज आला, ''तो ओला फडका म्हणजे माझा नवा टॉवेल होता. आणि मी पोराला घेऊन उन्हात उभी होते.''

शेवटी गाडी आली ती काकूंनी आणली. सांगलीच्या भावाची १९९६ ची मारुती ८०० त्याच्या पडवीत आच्छादनाखाली पडून होती. भाऊबीजेला त्याने ती ताटात घातली. परवडण्याच्या कलमावर अप्पांना बोलायला जागाच उरली नाही. सुनेने मागे बेल्ट बसवून घेतले, तेही कलम मिटले. राहिले क्लासिक.

''क्लासिक? ही?'' अप्पा कडाडले. ''१४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींनी पहिल्या गाडीची किल्ली दिली, तेव्हा मी टेबलावर होतो. हिच्यासाठी आलेली कर्जं मी स्वतःच्या हातानं नाकारली आहेत!''

तरी पिशवी घेऊन खाली उतरलेच. चुंबक सगळीकडे चिकटले. तळ शाबूत. थंड इंजिन चोकवर पहिल्या झटक्यात उठले. धूर नाही. आरटीओचे पासिंग पाच वर्षांसाठी वाढवून मिळाले, ग्रीन टॅक्स भरला, नावावर झाली. अप्पांनी वहीत लिहिले : 'तात्पुरती. हेराल्ड मिळेपर्यंत.'

तेव्हापासून गाडी बघायला रिक्षाने किंवा माझ्या स्कूटरवरून जाणे बंद झाले. रविवारी सकाळी मारुती निघते. पुढे मुलगा आणि अप्पा, मागे काकू, सून आणि नात. डिकीत पिशवी आणि पुऱ्यांचा डबा. सासवडची पद्मिनी नाकारून येताना सगळे नारायणपूरला दर्शन घेऊन आले. भोरची अँबॅसेडर नापास झाली त्या दिवशी धरणावर जेवण झाले. मला स्कूटरवरून मागोमाग यायची मुभा आहे.

मागच्या महिन्यात वाईजवळ एका वाड्यात हेराल्ड होती. मार्क थ्री, चार दारांची. तळ टणटणीत. इंजिन थंड, चोकवर उठले. धूर स्वच्छ. कागद पुरे, पासिंग ताजे. मालक खरोखरचे डॉक्टर निघाले. भिंतीवर पदवी होती. सांगितलेली किंमत ऐकून अप्पांनी दोनदा विचारली, कारण ती दीड लाखाच्या आत होती. अप्पांचा चेहरा पडत चालला. एवढ्या वर्षांत असा निर्दोष प्रस्ताव त्यांच्यासमोर आला नव्हता.

काकू त्यांना जरा बाजूला घेऊन गेल्या. त्या दोनच दारांवरून भांडल्या होत्या, म्हणून मी कान टवकारले.

''अहो, ही तर चांगली दिसतेय,'' त्या घाबऱ्या आवाजात म्हणाल्या. ''काही तरी काढा हिच्यात. घेतलीत तर पुढच्या रविवारी जायचं कुठं?''

अप्पा हतबल होऊन वहीकडे बघत राहिले. एवढ्यात गाडीच्या पुढून नात ओरडली, ''आजोबा, इथे चिकटत नाही!'' चुंबक हेडलाइटच्या काचेवर धरून ती उभी होती.

अप्पांनी पेन काढले आणि खोट लिहून घेतली.