उजवा कौल

कोकण-गोव्यातल्या देवळांत देवाची मर्जी जाणून घेण्याची जुनी रीत म्हणजे कौल. गुरव ओल्या पाकळ्या, कळ्या किंवा तांदूळ मूर्तीला चिकटवतो, गाऱ्हाणे घालतो आणि सगळे टक लावून बसतात. सहसा उजवीकडची पाकळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. जत्रा, जीर्णोद्धार, सोयरीक, जमिनीचा वाद, सारे देवाला विचारूनच. होकार आला की देव जागृत ठरतो. नकार आला की प्रश्नच नीट मांडला नव्हता असे ठरते. मग गाऱ्हाण्याचे शब्द बदलून पाकळी पुन्हा लावली जाते. काय करावे हे देवाला विचारतात खरे, पण भक्ताचा बेत आधीच पक्का असतो. देवाकडे उरते ते फक्त सहीशिक्क्याचे काम.